मोठ्या बाईंचे श्रेयांक

“पदवी ना? आठ महिन्यांत आणून दाखवते!”

मोठ्या बाईंनी हे घरात जाहीर केलं, तेव्हा सासूबाई मटार सोलत होत्या, नवरा बुटाची नाडी बांधत होता आणि लेक मोबाइलमध्ये बुडाली होती. तिघांपैकी एकानेही वर पाहिलं नाही. म्हणून बाईंनी तेच वाक्य जरा वरच्या पट्टीत पुन्हा म्हटलं. या वेळी शेजारच्या कुत्र्याने तरी दाद दिली.

बाई एका दफ्तरखान्यात वरिष्ठ कारकून होत्या. बंद पडलेल्या, दुसऱ्यात विलीन झालेल्या, गाव सोडून गेलेल्या कुठल्या कुठल्या संस्थांचे जुने कागद, नाव नाही नुसता क्रमांक घातलेल्या खोक्यांत भरून तिथे येत आणि फळ्यांवर निजून राहत. एकोणीस वर्षं बाई त्या फळ्यांमधून फिरत होत्या. तान्ह्या बाळावरची माशी वारावी तशी खोक्यांवरची धूळ वारत होत्या. आजवर त्यांच्या हातून एक चिटोरं हरवलेलं नव्हतं. त्याहून मोठा अभिमान असा, की आजवर एकही अपुरा भरलेला अर्ज त्यांच्या टेबलावरून पुढे सरकला नव्हता. बाईंची लाल पेन्सिल अर्जावर अशी उतरायची, जशी घार कोंबडीच्या पिलावर!

आता साहेब निवृत्त होणार होते. दफ्तरप्रमुखाची खुर्ची रिकामी होणार होती. ती बाईंची, हे भिंतीवरच्या पालीलाही ठाऊक होतं. फक्त जाहिरातीत एक ओळ होती: उमेदवार पदवीधर असावा. आणि बाई दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेल्या. तिसऱ्या वर्षी लग्न झालं, पुस्तकं माळ्यावर गेली, बाई संसारात गेल्या.

बाईंची पदवी वेळेत आली नाही, तर खुर्ची कोणाला? दोन वर्षांपूर्वी लागलेल्या धाकट्या कारकून पोरीला! स्टेपलर उलटा धरून स्वतःच्या ओढणीला टाचणारी पोर. पण पदवी होती. बाई तिला थोड्या मायेने आणि पुष्कळ जळफळाटाने ‘पदवीधर’ म्हणूनच हाक मारत.

“मी तिला कागद धरायला शिकवलं, आणि उद्या मी तिला ‘मॅडम’ म्हणू?” बाई घरी म्हणाल्या.

“त्यात काय? मी सव्वीस वर्षं बस चालवतोय आणि माझा कंट्रोलर कालचा आहे,” नवरा म्हणाला.

“तुमचं वेगळं! तुम्ही मुळातच वाकून बसता.”

मग बाईंनी ऑनलाइन कॉलेज निवडायला घेतलं. निवडायला म्हणजे कसं? अकरा कॉलेजांचा तक्ता केला. आडव्या रकान्यात नावं, उभ्यात गुणदोष. एक कॉलेज म्हणे, दहा वर्षांपेक्षा जुनं शिक्षण आम्ही धरत नाही. बाई फणकारल्या, “शिक्षण म्हणजे काय दूध आहे, नासायला?” दुसरं म्हणे, संसाराच्या अनुभवालाही श्रेयांक देऊ.

“श्रेयांक म्हणजे काय गं?” सासूबाईंनी विचारलं.

लेक म्हणाली, “आजी, शिकल्याचे गुण. जमा करून ठेवायचे. एका कॉलेजात मिळवले की दुसऱ्यात नेता येतात. पुरेसे साठले की पदवी.”

“मग मी पाच पोरं वाढवली त्याचे किती साठले असतील?”

“आई, तुम्ही कुलगुरूच व्हाल!” बाई म्हणाल्या आणि त्या कॉलेजावर काट मारली. सगळ्यांना सगळं देणारं कॉलेज त्यांच्या लेखी कॉलेजच नव्हतं.

शेवटी नववं कॉलेज त्यांना पसंत पडलं. का? त्याची नियमावली बेचाळीस पानांची होती! बाकीची माणसं शिक्षक पाहतात, विषय पाहतात. बाईंनी नियमावली मुद्रित करून घेतली, बस थांब्यावर वाचली, आणि पान एकोणतीसवरचं ‘अपूर्ण अर्ज कोणत्याही परिस्थितीत विचारात घेतला जाणार नाही’ हे वाक्य वाचताना त्यांचे डोळे पाणावले. “आपल्यासारखी माणसं आहेत हो ही!” असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. सोयरीक जुळावी तशा आनंदात त्यांनी नाव नोंदवलं.

आठ महिने बाईंनी अभ्यास केला. भाजी ढवळताना व्याख्यान, कपडे वाळत घालताना व्याख्यान. परीक्षेला संगणकाचा कॅमेरा म्हणायचा, खोलीत दुसरं कोणी नको. आणि नेमक्या सासूबाई चष्मा शोधत यायच्या. पडद्यावर लाल अक्षरं उमटायची: ‘व्यक्ती दोन आढळल्या.’ सासूबाई कॅमेऱ्याला सांगायच्या, “मी काही सांगत नाहीये हो तिला. मला येतच नाही!” तरीही बाई सगळे विषय पास झाल्या. तेही पहिल्या वर्गात!

आता उरलं एकच काम. जुन्या कॉलेजातल्या दोन वर्षांचे श्रेयांक नव्या कॉलेजात यायचे होते. जुनं कॉलेज दुसऱ्या गावचं, आणि कधीच बंद पडलेलं. त्याचे कागद कोणत्या दफ्तरखान्यात आहेत, हे गोपनीय. असणार तिथल्याच एखाद्या कळकट गोदामात, असं बाईंनी धरून टाकलं. अर्ज भरून द्यायचा, मधलं पडताळणी केंद्र त्यावरच्या नाव-सहीवर काळी पट्टी मारून, फक्त पाकिटाचा क्रमांक घालून तो संबंधित दफ्तरखान्याकडे पाठवणार. कोणाचे कागद मागितलेत हे दफ्तरवाल्याला कळू नये, म्हणजे वशिला चालत नाही. नियम बाईंना फार आवडला. त्यांच्या स्वतःच्या दफ्तरखान्यातही हाच होता.

बाईंनी अर्ज संगणकावर टंकून भरला, सही केली आणि पाठवला. खुर्चीसाठी पदवी दाखवायची शेवटची तारीख महिनाअखेरीची, आणि तिला तीन आठवडे होते.

चार दिवसांनी कार्यालयात बाईंच्या टेबलावर टपालातून एक अर्ज आला. पाकीट क्रमांक क-सात, दोनशे चौदा. नाव काळं, सही काळी. बाईंनी पेन्सिल उचलली.

“उद्देश: पदवीसाठी. पदवी कशासाठी? काही पत्ता आहे का? परत!”

पदवीधर म्हणाली, “बाई, क-सात समोरच्याच फळीवर आहे. काढून देऊ का? दोन मिनिटांचं तर काम.”

“देऊ का? अगं, उद्या कोणी म्हणेल दार उघडं आहे, आत येऊ का! शिस्त आहे की नाही?”

“हो बाई.”

त्या आठवड्यातच बाईंच्या मोबाइलवर नव्या कॉलेजचा निरोप आला: ‘उद्देश स्पष्ट नसल्याने दफ्तरखान्याने तुमचा अर्ज परत केला आहे.’ बाई चहाचा कप हातात घेऊन उभ्याच राहिल्या.

“कोण हा शुंभ दफ्तरवाला! पदवी कशासाठी म्हणे! लोणचं घालायला!”

“मग लिही ना नीट,” लेक म्हणाली. बाईंनी दुसरा अर्ज भरला. उद्देश: नोकरीतील बढतीसाठी. खाली सही केली. बाईंची सही म्हणजे एक प्रवास असे. पहिल्या अक्षरापासून निघायची, दोन वळणं घ्यायची, आणि शेवटची शेपटी कागदाच्या कडेपर्यंत पोचवून यायची.

सोमवारी क-सात, दोनशे चौदा पुन्हा टेबलावर हजर!

“बढती हवीये म्हणे! सगळ्यांनाच हवीये,” बाई पुटपुटल्या. उद्देश ठीक होता. तारीख ठीक होती. पेन्सिल थोडी हिरमुसली. मग बाईंची नजर खाली गेली आणि चेहरा उजळला. “ही काळी पट्टी बघ! चौकटीच्या बाहेर किती गेलीये! म्हणजे आतली सहीच बाहेर गेलेली असणार. ज्या माणसाला स्वतःची सही आवरत नाही, त्याने बढती मागावी? परत!”

“बाई, कोणाची तरी नड असेल हो…”

“नड असणारा माणूस सही आखडून करतो!”

तिसरा अर्ज बाईंनी मुंगीएवढी सही करून पाठवला. तो बाईंनीच परत केला, कारण प्रत एकच होती. दुसरी प्रत पडताळणी केंद्राने ठेवून घेतली होती, पण ते बाईंना कार्यालयात बसून कसं कळणार? आणि घरी बसून तरी कसं!

आता महिनाअखेरीला पाच दिवस उरले. बाईंना घास जाईना. आठ महिन्यांचा अभ्यास एका बाजूला पूर्ण होऊन उभा, जुनी दोन वर्षं दुसऱ्या बाजूला अडकलेली, आणि मध्ये कोणीतरी अनोळखी, खडूस, पाषाणहृदयी कारकून!

सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि बसल्या जागी ओळी जुळवल्या:

“शिकून दमली बाई, वाटेत अडली गाडी,
अशा कशा गं मेल्याने धरून ठेवली नाडी!”

“आई, मेलाच तो!” बाईंनी ताट बाजूला सारलं. “मीही कारकून आहे. पण माणुसकी म्हणून काही असते!”

घरातले सगळे तक्रार लिहायला बसले. नवऱ्याने सव्वीस वर्षं रहदारीत जमवलेले शब्द दिले, लेकीने त्यातले छापता येतील तेवढे ठेवले, सासूबाईंनी शेवटी एक शाप घातला. ‘सदर कर्मचारी निर्दय, अहंकारी व कामचुकार असून त्याला लोकांच्या आयुष्याशी खेळण्याची सवय आहे. त्याच्यावर तात्काळ कारवाई व्हावी.’ बाईंनी वाचून पाहिलं, ‘कारवाई’च्या आधी ‘कठोर’ घातलं आणि सही ठोकली; लेकीने कागदाचा फोटो त्याच रात्री पडताळणी केंद्राला पाठवला.

मंगळवारी साहेबांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. पदवीधर फायली घेऊन आधीच उभी होती.

“मोठ्या बाई, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तुमच्याविरुद्ध तक्रार आली आहे.”

“माझ्याविरुद्ध?” बाईंचा पदर खांद्यावरून घसरला. “कोणाची छाती झाली?”

“क-सात, दोनशे चौदा. तीनदा अर्ज परत केलात.”

“तीनदा का, तीसदा करीन! साहेब, पहिल्यांदा उद्देश नाही. दुसऱ्यांदा सही चौकटीत मावत नाही. तिसऱ्यांदा प्रत एक! आणि वर तक्रार? अशा माणसाला साधा अर्ज भरता येत नाही आणि पदवी हवी! मी म्हणते, अशाला पदवी मिळता कामा नये!”

“हे तुमचं मत लेखी द्याल?”

“आत्ता देते!” बाईंनी तिथल्या तिथे कोरा कागद ओढला. ‘सदर अर्जदारास अर्ज भरण्याचे प्राथमिक ज्ञानही नाही. अशा व्यक्तीस पदवी देणे समाजाच्या हिताचे नाही.’ खाली सही केली. या वेळी शेपटी दिमाखात कडेपर्यंत गेली.

साहेबांनी तो कागद वाचला. मग तक्रारीचा कागद बाईंकडे वळवला. “अर्जावर नाव झाकतात. तक्रारीवर झाकत नाहीत. हाही नियमच आहे.”

बाईंनी पाहिलं. कागदाच्या तळाशी एक सही होती. दोन वळणं घेऊन, शेपटी कडेपर्यंत नेणारी.

पदवीधर छताकडे बघू लागली. तिचे खांदे मात्र हलत होते.

“साहेब,” बाई म्हणाल्या, “बाई तशी वाईट नाहीये.”

“कोणती?”

बाईंनी दोन्ही कागद एकावर एक ठेवून त्यांच्या कडा जुळवल्या.

स्वतःच्या कागदाला स्वतः हात लावायचा नाही, हाही नियमच. तेव्हा बाई दाराशी उभ्या राहिल्या आणि पदवीधर समोरच्या फळीकडे गेली. सात पावलं. खोकं काढलं, पाकीट उघडलं. आत बाईंची दोन वर्षं होती. गुणपत्रकं, आणि कोपऱ्यात चिकटवलेला फोटो: दोन वेण्या, जगाला एका बैठकीत शिकून टाकू असे डोळे. बाई लांबूनच बघत राहिल्या. ही पोर गेली दहा वर्षं त्यांच्या टेबलासमोर, सात पावलांवर बसून होती, आणि बाई रोज तिच्यावरची धूळ झटकत होत्या.

“केवढ्या गोड दिसत होतात बाई!”

“काम कर गं,” बाई म्हणाल्या. पण आवाज ओला होता.

पदवीधरने त्याच दुपारी सगळं पाठवलं. सगळं म्हणजे अगदी सगळं. फायलीतला एकही कागद मागे ठेवायचा नाही, हे तिला बाईंनीच शिकवलं होतं. तेव्हा गुणपत्रकं गेली, तिन्ही अर्ज गेले, तक्रार गेली आणि बाईंचं लेखी मतही गेलं.

गुरुवारी कॉलेजचं उत्तर आलं. बेचाळीस पानांचं कॉलेज ते! ‘आपले सर्व जुने श्रेयांक मान्य करण्यात येत आहेत. तथापि, दफ्तरखान्यातील एका अनुभवी अधिकाऱ्याच्या गंभीर अभिप्रायाची दखल घेऊन, पदवीपूर्वी आपणांस एक दिवसाचा अनिवार्य वर्ग पूर्ण करावा लागेल. विषय: अर्ज कसा भरावा, प्राथमिक.’

बाईंनी शुक्रवारी सुट्टी टाकून तो वर्ग केला. शिकणारे बाकी सगळे विशीतले. शिकवणारी म्हणाली, “चौकट दिसते ना? तिच्या आतच सही करायची बरं का, काकू.” बाईंनी मान डोलावली. संध्याकाळी परीक्षा झाली आणि शनिवारी, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, पदवी आली. सगळ्या विषयांत पहिला वर्ग. एका विषयात काठावर पास.

खुर्ची बाईंनाच मिळाली. पहिल्या दिवशी साहेबांनी किल्ल्या सोपवल्या, हात जोडले आणि टेबलावर रुजू होण्याचा अर्ज ठेवला: चार पानं, दोन प्रती. बाईंनी पेन उघडलं. पहिल्या चौकटीवर ते जरा थबकलं आणि परत मिटलं. बाईंनी दाराबाहेर हाक मारली.

“पदवीधर! आत ये गं. हा अर्ज तेवढा तू भर.”

“मी? का बाई?”

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं.

“माझा तो विषय जरा कच्चा आहे.”