परवलीच्या आठ अंकांची मोहीम, मौजे शेणवा

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, पौष मासी, मौजे शेणवा, तालुके शहापूर, प्रांत ठाणे, येथे जे रण माजले आणि ज्यात आठ बायकांनी एक फोन हाती धरून शर्थ केली, ती हकीकत पुढे लोकांनी भलतीसलती सांगून बिघडवू नये, म्हणून घडली तैसी लिहून ठेविली असे. यात पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर ते मिठापुरते. वाचणारांनी स्वस्थ बसून, फोन उपडा ठेवून वाचावे.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या रयतेने इंटरनेटावर एक फलक उभारिला होता, त्यास 'दोन तालुक्यांचा पार' म्हणत. त्यावर कोणी कोंबड्यांची पिले विकावयाची लिही, कोणी एसटी न आल्याचे गाऱ्हाणे घाली, कोणी नुसतेच 'शुभ सकाळ' लिहून निघून जाई. या पाराचे कारभारी राजश्री महेंद्रराव, मुक्काम आसनगाव, दिवसा कल्याणास नोकरी करीत आणि उरल्या वेळात पाराची राखण करीत. त्यांनी तीन कलमे जाहीर केली होती. वाचणे सर्वांस मोकळे, परंतु लिहिणे अथवा पुसणे परवलीचा अंक घातल्यावाचून नाही, हे पहिले. ज्याचे लिहिणे त्यानेच पुसावे, कारभारियांनीही हात लावू नये, हे दुसरे. आणि हे कलम त्यांनी खुशीने केले नव्हते, तर गतवर्षी नळाच्या पाण्याविषयीचे एक गाऱ्हाणे त्यांनी परस्पर पुसले तेव्हा तीस बायका हंडे घेऊन त्यांच्या दारी बसल्या, मग त्यांनी पुसण्याचा अधिकार जातीने सोडून दिला. तीन वेळा चुकीचा अंक घातल्यास एक दिवस एक रात्र दरवाजा बंद, हे तिसरे. अंक विसरल्यास फोनावर ओटीपी धाडण्याची तजवीजही आरंभी होती, परंतु ओटीपी म्हणताच लोक लुबाडणूक समजून फोन ठेवून देत, सबब बहुमताने ती वाट बुजविण्यात आली.

आता या मोहिमेचे मूळ. मातोश्री गोजाबाई, वय बासष्ट, दीड एकर भातखाचराच्या धनीण, यांचे बंधू सदानंदराव यांची कन्या रश्मी परिचारिकेच्या परीक्षेस उत्तम रीतीने उतरली. आत्याबाईंच्या मनी आनंद मावेना आणि मग सोमवारी त्यांनी कोणासही न विचारता पारावर लिहिले की, भाची गुणी, नर्सिंग पास, रंगाने आमच्यासारखीच पण हसली की घर उजळते, स्थळ पाहिजे, आणि खाली रश्मीचा फोन नंबर दहाच्या दहा आकडे घातला.

मंगळवारी पहाटेपासून नंबरास वेढा पडला. किन्हवलीकडून एक, मुरबाडकडून चार, डोळखांबकडून एकाच घरातले तिघे भाऊ वेगवेगळे. कोणी उंची पुसे, कोणी काकांच्या वतीने बोले, आणि एक म्हातारबाबा तर म्हणाले, मला सून नको की बायको नको, कोणी फोन उचलते हेच बरे वाटले. त्यांच्याशी मात्र रश्मी अकरा मिनिटे बोलली. संकट ते असे की, एका मोठ्या इस्पितळाच्या कचेरीतून बुधवारी दुपारी चार वाजता नोकरीचा फोन यावयाचा होता, आणि कळविले होते की दोनदा लावू, न लागल्यास पुढील उमेदवारास बोलावू.

"आत्या, तू माझं लग्न लावतेस का नोकरी घालवतेस?" ऐसे रश्मीने विचारिले.

"पुसते गो. आत्ता पुसते."

"मग पूस ना."

परंतु पुसावे कैसे? लिहिले तो जुना फोन, त्यात एकदा अंक घातल्यापासून दरवाजा उघडाच असे; तो मंगळवारीच पाणी शेंदताना पदरातून हंड्यात पडून कामी आला होता. नव्या फोनात पाराने दरवाजावरच दटाविले की, कोण आपण, परवलीचा अंक सांगा. आणि येथे मातोश्रींच्या मसलतीचे गुपित उघडे करणे प्राप्त आहे.

गेल्या आषाढात महेंद्ररावांनी बजाविले होते की, परवलीचा अंक आठ आकडी असावा, कोठे लिहू नये, कोणास सांगू नये. मातोश्रींचा आपल्या स्मरणावर काडीचा इतबार नव्हता. मग त्यांनी लावणीच्या ओळीत असतानाच तोड काढिली. ओळीत मातोश्री धरून आठ जणी होत्या. फोन एकीकडून दुसरीकडे आवणाच्या, म्हणजे भातरोपांच्या, मुठीसारखा फिरला, प्रत्येकीने बाकीच्यांनी तोंडे फिरविली असता एक आकडा दाबला, तोच दुसऱ्यांदाही फिरवून पक्का केला, आणि पोटच्या पोरालाही न सांगण्याची शपथ घेतली. येणेप्रमाणे किल्ला ऐसा बंदोबस्ताचा जाहला की, खुद्द धनिणीस आठांपैकी एकच आकडा ठाऊक.

बुधवारी सकाळी कुमक गोळा करण्याचा हुकूम सुटला. अंगणवाडीच्या संघरत्ना बाई धरून सात जणी घटकेत विहाराच्या पटांगणात हजर जाहल्या. आठवी ठकूबाई, वाडीवरली, आपले धनी म्हादू यांजसह मुरबाडकडे वीटभट्टीवर गेली होती. म्हादूच्या फोनावर तिला गाठले, तो जाबसाल ऐसा जाहला.

"ठकू, तुझा आकडा सांग गो."

"ध्यानात हाय. पन फोनवर सांगनार नाय."

"अगं, मीच इचारते ना."

"तू गोजाबायच हायस कशावरून?"

"माझा आवाज वळखत नाय व्हय?"

"आवाज तर आता कुनाचाबी काढतात म्हने. मानूस धाड, मग बघू."

या जबाबाने मातोश्रींस राग आला आणि त्याच श्वासात अभिमानही वाटला, कारण शपथ त्यांनीच घातली होती. तत्काळ सदानंदरावांस मुरबाड प्रांती कूच करण्याची आज्ञा जाहली. त्यांची मोटारसायकल तीन लाथांवाचून न जागणारी, ती सातव्या लाथेस जागी जाहली, आणि किन्हवली मागे टाकून, सरळगावावरून मुरबाडची वाट धरून, धुळीने डोक्यापासून पायापर्यंत माखलेले सदानंदराव भट्टीवर दाखल जाहले. ठकूबाई विटा थापीत होती. तिने चिखलाचे हात झाडले, पाहुण्यास खालून वरपर्यंत पाहिले आणि धुळीमुळे चेहरा पटेना म्हणून पुसले, "लावनीच्या दिवशी गोजाबायनं खायाला काय आनलेलं?"

"भाकर आन् सुकट," सदानंदराव म्हणाले.

"आनि?"

"आनि वालाची भाजी. ती खारट झालेली. तुमी समद्यांनी निमूट खाल्ली."

"बसते," म्हणून ठकूबाई मागे बसली. म्हादूने साचा हाती घेतला आणि बजाविले की, अंधार पडायच्या आत आणून सोडा, हिच्यासारखी वीट मला नाय जमत.

स्वारी शेणव्यास पोहोचली तेव्हा पावणेतीन वाजले होते, आणि रश्मीच्या फोनावर त्या दिवसाचा एकेचाळिसावा वर बोलत होता. फौज भरली. आठ आकडे आठ जणींपाशी सुखरूप, एकीचाही हरवला नाही. मग ध्यानात आले की, आकडे आहेत, क्रम नाही.

"मला संघरत्नानं फोन दिलेला."

"मी कधी? मला तूच दिलास. हाताला चिखल होता तुझ्या."

"चिखल तर समद्यांच्याच होता."

खल अर्धा तास चालला. अखेर वडीलकीचा मान धरून वयाच्या क्रमाने फोन फिरविला. पाराने नकार दिला. मग मातोश्री म्हणाल्या की, खाचर माझे, लिहिणे माझे, म्हणजे पहिला आकडा माझाच असणार. ऐसे म्हणून स्वतः अग्रभागी उभ्या राहिल्या आणि बाकीच्या आठवेल तैशा मागे लागल्या. ठकूबाईस कोठे उभी राहतेस पुसता, "तुमी म्हनाल तिथं" इतकेच म्हणाली आणि शेवटास गेली. पाराने दुसऱ्यांदा नकार दिला. आता एकच वार उरला. साडेतीन वाजून गेले. रश्मी पायरीवर बसून कोणा वराकडील मामांस सांगत होती की, मामा, मला स्वयंपाक येत नाय, आणि मामा म्हणत होते की, शिकवू.

तेव्हा संघरत्ना बाई बोलल्या, "इथं पटांगणात उभं राहून काय आठवनार? खाचरात चला."

आणि मग आठही जणी पदर खोचून मातोश्रींच्या खाचरात उतरल्या. पीक कापून नेलेले, जमीन कोरडी, धसकटे तळव्यांस टोचत. प्रत्येकीने कंबर वाकविली, हात सवयीने खाली गेले, एक पाऊल मागे, दुसरे पाऊल मागे, आणि खांद्यास खांदा आपोआप मिळत गेला. जी डोक्याला सापडत नव्हती ती जागा कंबरेला तोंडपाठ होती. दोघींनी न बोलता जागा बदलल्या. आणि ओळ सिद्ध झाली तो बांधाच्या कडेला, जेथून लावणीस आरंभ होतो आणि जिच्या हाताच्या वेगाने बाकीच्या चालतात, तेथे ठकूबाई उभी होती. मातोश्री निघाल्या सहाव्या.

मातोश्रींनी वाकल्या वाकल्या ओळीकडे पाहिले. दीड एकराच्या धनीणपणाचा काही भाग त्या धसकटांत उतरला असावा. मग म्हणाल्या, "ठकू, तू बोलली का नायस मघाशी? आघाडी तुझी."

"तुमी उभ्या राहिलाव. तुमाला मागं कोन सरकवनार?"

"घे. दाब आता."

ठकूबाईने विटेच्या मातीचे बोट लुगड्यास पुसले आणि आकडा दाबला. सात जणींनी तोंडे फिरविली, इतक्या इमानदारीने की सदानंदरावांनीही बांधावर पाठ केली. फोन हातोहात सरकला. आठवा आकडा पडताच संघरत्ना बाईंनी काचेवरील अक्षरे वाचली: गोजाबाई, आपले स्वागत आहे.

मातोश्रींनी मजकूर पुसला, आणि त्या जागी संघरत्ना बाईंकडून लिहविले की, मुलगी लग्नाची नाही, चूक आत्याची आहे, कोणी फोन करील त्याच्या घरी आम्ही आठ जणी येऊ. पाराची घंटा दोन्ही तालुक्यांच्या फोनांत वाजली. वेढा उठला. तीन वाजून सत्तावन्न मिनिटांनी रश्मीचा फोन असा गप्प जाहला की बांधावरच्या टिटवीचाही आवाज ऐकू यावा.

बरोबर चार वाजता तो वाजला. दोन दिवसांच्या लढाईने गांजलेल्या रश्मीच्या तोंडून, उचलताच, सवयीने निघून गेले, "हे बघा, मला लग्न करायचं नाय."

पलीकडे कोणी बाई होत्या. त्या म्हणाल्या, "माझं झालंय हो. सोमवारी कामावर रुजू व्हायला याल का?"

येणेप्रमाणे फत्ते जाहली. ठकूबाईस अंधारापूर्वी भट्टीवर पोहोचविले, संगे म्हादूसाठी खारट न केलेली वालाची भाजी. महेंद्ररावांनी त्याच आठवड्यात चौथे कलम जाहीर केले की, पारावरील कोणाचाही नंबर अंक घालून आत आल्यावाचून दिसणार नाही, आणि दुसऱ्याचा नंबर त्यास विचारल्यावाचून लिहू नये. हे कलम मोठ्याने वाचून दाखविले असता मातोश्रींनी पदराने तोंड पुसले. मग परवली बदलली. नवा अंक पुन्हा आठ जणींनी, पुन्हा खाचरात वाकून, बांधाकडून आरंभ करून घातला. तो कोणास ठाऊक नाही. ही हकीकत लिहिणारीस त्यातला एक आकडा ठाऊक आहे, तो तिने येथे लिहिलेला नाही. इति मौजे शेणव्याची मोहीम तपशीलवार दाखल असे.