अकराला खेकडा थांबतो

अकरा वाजून सात मिनिटांनी खेकड्याने रोजच्याप्रमाणे मान टाकली. फरक इतकाच, की आज जाताजाता त्याने जे दाखवलं, ते पाहून मिलिमीटरच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

खेकडा हा रोबो होता. नकाशे काढायच्या ऑफिसात ज्याला सगळे 'मिलिमीटर' म्हणत, त्या गृहस्थाने सहा महिन्यांच्या सुट्ट्या खर्ची घालून तो घरी बनवला होता. चार चाकं, मधे बॅटरी, वर बोटाएवढा कॅमेरा. ऑफिसातून बटणं दाबली की तो घरभर फिरायचा आणि दिसेल ते दाखवायचा. सरळ जा म्हटलं तरी तिरकाच जायचा, म्हणून अप्पांनी त्याचं बारसं खेकडा असं केलं.

अप्पा मिलिमीटरचे वडील. जन्मभर शिंपीकाम केलेले, आता दिवसभर घरी एकटे. मागच्या वर्षी ते बाथरूममध्ये घसरले आणि तासभर कुणाला पत्ता नव्हता. त्यांना मोबाईल घेऊन दिला, तर 'सारखा केकाटतो' म्हणून त्यांनी तो कपाटात टॉवेलांखाली दडपला. तेव्हा मिलिमीटरने खेकड्याचा घाट घातला.

पण तीन आठवडे झाले, रोज अकराच्या सुमाराला नेटवर्क जायचं आणि बाराला आपोआप यायचं. कॅमेराही लहरी, मधूनच चित्रावर गुलाबी पट्टे ओढायचा. मिलिमीटर चिवट. त्याने राउटरचं तोंड चारी दिशांना फिरवून पाहिलं, खेकड्याला लांब अँटेना लावली, प्रोग्रॅम तीनदा पुसून नव्याने घातला. शेवटी त्याचा संशय शेजारच्या सिस्टरांवर गेला. सिस्टर म्हणजे रिटायर झालेल्या नर्स. त्या अकरा वाजता मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवत.

"माझ्या दुधाने तुझं यंत्र बिघडतं?" सिस्टरांनी विचारलं होतं.

"दुधाने नाही हो. लहरी एकमेकींत मिसळतात."

सिस्टर आठवडाभर गार दूध प्यायल्या. खेकडा अकराला जायचा तो गेलाच. मग "आता दुसऱ्या कुणाचं तरी दूध बघ," असं म्हणून त्यांनी पुन्हा तापवायला सुरुवात केली.

एरवी खेकडा थांबला की ऑफिसातल्या स्क्रीनवर खुर्चीचा पाय नाहीतर खिडकीच्या पडद्याची झालर अडकून राहायची. आज तिथे अप्पा होते. हॉलमधल्या टेबलाखाली, पोटावर आडवे, गाल फरशीला टेकलेला, एक हात पुढे ताणलेला. हलत नव्हते.

मिलिमीटरने दोन मिनिटं वाट पाहिली. अप्पा हलले नाहीत.

"झोपले असतील," शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या.

"टेबलाखाली?"

मिलिमीटरने फोन लावला. घरी टॉवेलांखाली तो इमानेइतबारे वाजला असणार. मग त्याने सिस्टरांना फोन केला, कारण घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असे.

"मी भाजी घ्यायला आलेय," सिस्टर म्हणाल्या. "वीस मिनिटं दे. आणि तू घाबरू नकोस, घाबरलेली माणसं आधी जिन्यात पडतात."

मग त्याने वाचनालयात काम करणाऱ्या बायकोला कळवलं, साहेबांपाशी काहीतरी पुटपुटला आणि टॅक्सीत बसला.

टॅक्सीत त्याने तेच चित्र फोनवर पुन्हा उघडलं. अप्पांच्या मागे भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. त्यात अकरा वाजून सात मिनिटं झाली होती. हातातल्या घड्याळात अकरा पस्तीस. म्हणजे रोजच्यासारखंच नेटवर्क गेलं आणि शेवटचं चित्र स्क्रीनला चिकटून राहिलं; घाबरण्याच्या भरात हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. अप्पा हलत नव्हते असं नाही, चित्र हलत नव्हतं. मिलिमीटरचा जीव भांड्यात पडला. पण पुढच्याच सिग्नलला भांडं कलंडलं. चित्र थांबल्यावर अप्पा उठले की नाही, हे कुठे कळत होतं?

फोन वाजला. सिस्टर होत्या.

"घरात कोणी नाही."

"टेबलाखाली पाहिलंत?"

"टेबलाखाली, खाटेखाली, बाथरूममध्ये. तीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय मी, माणूस शोधता येतो मला. अप्पांच्या चपला नाहीत. आणि तुझा खेकडाही नाही."

हे ऐकून बरं वाटून घ्यावं की आणखी घाबरावं, ते मिलिमीटरला ठरवता येईना. पडलेला माणूस निदान एका जागी तरी असतो.

तो घरी पोचला तेव्हा बायको त्याच्या आधी आली होती. ती कोपऱ्यातल्या शिलाई मशीनपाशी उभी होती.

"हे उघडं कसं?" ती म्हणाली. "सुईत दोरा आहे."

अप्पांच्या डोळ्याच्या ऑपरेशनपासून त्या मशीनला बंदी होती. डॉक्टरांनी महिनाभर म्हटलं होतं, मिलिमीटरने त्याचं वर्ष केलं. सिस्टर एकाएकी खिडकीबाहेर काहीतरी निरखून बघू लागल्या.

हॉलमधून गॅलरीत जायला दोन पायऱ्या होत्या. खालच्या पायरीशी बायकोला एक छोटं काळं चाक सापडलं.

"खेकडा पडलाय इथून," ती म्हणाली. "पडलेलं यंत्र घेऊन माणूस कुठे जाईल?"

तिघंही एकदमच जिना उतरले. गल्लीच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचं हातभर रुंदीचं दुकान होतं आणि तो अप्पांचा जुना दोस्त होता.

दुकानात घड्याळवाला डोळ्याला भिंग लावून वाकला होता. समोर स्टुलावर अप्पा, आणि त्यांच्या मांडीवर, दवाखान्यात आणलेल्या पोरासारखा, खेकडा. मिलिमीटरला पाहताच अप्पा उठून उभे राहिले. चेहरा पार उतरला होता.

"रागावू नकोस," ते म्हणाले. "माझ्या हातून गेला तो."

मिलिमीटरला बोलायचं बरंच होतं, पण तो आधी अप्पांच्या रिकाम्या स्टुलावर बसला.

"तुम्ही टेबलाखाली का पडला होता?"

"पडलो कुठे? प्लग तिथे खाली आहे. वाकवत नाही, म्हणून आडवा होतो."

"कसला प्लग?"

"तुझ्या त्या डबीचा. दिवे लुकलुकतात ती. हॉलमध्ये प्लग एकच. डबीचा काढतो, मशीनचा लावतो. काम झालं की तुझा परत लावतो. कधी विसरलो नाही."

"रोज?"

"अकरा ते बारा."

मिलिमीटरने डोळे मिटले. तीन आठवड्यांच्या अँटेना आणि पुसलेले प्रोग्रॅम त्याच्या मिटल्या डोळ्यांपुढून रांगेने गेले.

"म्हणजे माझ्या दुधाचा काही दोष नव्हता," सिस्टर शांतपणे म्हणाल्या.

"आज प्लग काढला, तर हा थांबेचना," अप्पा सांगत होते. "एरवी बिचारा उभा राहतो. आज सुटला तो सुटलाच, थेट पायऱ्यांवरून खाली."

हे का झालं, ते मिलिमीटरला कळलं. त्या क्षणी त्याने 'पुढे चल'चं बटण दाबलेलं होतं. नेटवर्क गेलं तर काय करायचं, हे त्याने खेकड्याला शिकवलंच नव्हतं. शेवटचा हुकूम पाळत खेकडा चालत राहिला.

"चूक माझी आहे, अप्पा," तो म्हणाला. "तुमची नाही."

अप्पांनी इतका मोठा श्वास सोडला की घड्याळवाल्याच्या टेबलावरचे बारीक स्क्रू घरंगळले.

"आणि ही कॅमेऱ्याची चपटी वायर," घड्याळवाला मान वर न करता म्हणाला, "खाचेत अर्धीच बसवली होती कुणीतरी. बसवली मी. आता पट्टे येणार नाहीत."

पदर नसल्यामुळे बायकोने तोंडावर पर्स धरली. तरी ती हसतेय हे सगळ्यांना दिसलं.

"पण शिवत काय होता तुम्ही?" मिलिमीटरने विचारलं.

अप्पांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी भिंतीवरच्या घड्याळांकडे.

"माझे दोन गाऊन सैल झाले होते," अखेर सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मशीनचं माहीत होतं. प्लगचं नाही. माहीत असतं तर गार दूध प्यायले असते का मी?"

त्यावर मात्र मिलिमीटर हसला. हसताहसता त्याला डोळे पुसावे लागले, आणि अप्पांनी खांद्यावर हात ठेवल्यावर पुन्हा पुसावे लागले.

संध्याकाळी बायकोने चार प्लगांचा एक्स्टेन्शन बोर्ड आणला. मिलिमीटरने खेकड्याला नेटवर्क गेलं की जागच्या जागी थांबायला शिकवलं. उद्या सकाळी बोर्ड लावायचा असं ठरलं. सकाळी घाईत राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी अकराला पाच कमी असताना ऑफिसात त्याचा फोन वाजला. टॉवेलांखालचा नंबर होता.

"प्लग काढतोय," अप्पा म्हणाले. "घाबरू नकोस. मी ठीक आहे."

बाराला पुन्हा वाजला. "लावला. जेवायला बसतो. तू जेवलास का?"

तिसऱ्या दिवशीही तसंच झालं, चौथ्या दिवशीही. रविवारी बायकोने कोपऱ्यात पडलेला बोर्ड उचलून त्याच्यापुढे धरला.

"लावणार आहेस का हा?"

मिलिमीटरने तो तिच्या हातातून घेतला, नीट पुसला, आणि कपाट उघडून टॉवेलांखाली ठेवून दिला. तिथे आता जागा रिकामीच होती.