सिद्रामप्पा अण्णांची बिनअंगठ्याची पक्कड

सिद्रामप्पा अण्णांच्या घरी चहा प्यायचा असेल तर तो कपात ओतला जाईपर्यंत डोळे मिटून बसावं लागतं. गाळणी गुप्त आहे.

मी एकदा डावा डोळा किलकिला केला. अण्णांनी झटकन गाळणीवर टॉवेल टाकला.

"काय बे मास्तर, बघितलास?"

"नाही अण्णा."

"मग काय बघितलं न्हायस ते सांग बघू!"

मी दोन्ही डोळे घट्ट मिटले.

अण्णा माझे शेजारी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होते. निवृत्त झाले आणि शोध लावू लागले. मोठे नाहीत, घरातले. झाकण, कडी, चमचा, गाळणी. प्रत्येक शोधावर टॉवेल पांघरलेला. नवखा माणूस आत गेला तर त्याला वाटतं, या घरातल्या सगळ्या वस्तूंची आत्ताच अंघोळ झाली आहे.

"लुटतील!" हा अण्णांचा आवडता शब्द. टूथपेस्टची ट्यूब शेवटपर्यंत पिळायची एक किल्ली त्यांनी पत्र्यातून बनवली होती. पुढे आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत तशीच प्लास्टिकची किल्ली ढिगाने विकायला दिसली. अण्णा भर जत्रेत कडाडले, "माझ्या डोक्यातनं उचललं!"

"अहो अण्णा, तो विक्रेता दिल्लीकडचा दिसतोय. तुमच्या डोक्यापर्यंत कसा पोचला?"

"तेच तर! एवढ्या लांबनं सोलापुरात उगंच आला असंल व्हय?"

त्या दिवशी त्यांनी ठरवलं, पुढच्या शोधाचं पेटंट घ्यायचं. सरकारी, शिक्क्याचं. मग बघू कोण लुटतो.

पुढचा शोध म्हणजे पक्कड. तुम्ही सांडशी म्हणत असाल. साधी पक्कड आपण दाबून धरतो, हात ढिला पडला की पातेलं खाली. अण्णांच्या पकडीत आत स्प्रिंग होती. ती पातेल्याला आपणहून घट्ट धरायची. सोडवायची वेळ आली की तळहाताने एक खटका ढकलायचा. अंगठ्याला काहीच काम नाही. एमआयडीसीतला फॅब्रिकेशनवाला म्हणाला, एक नग करून परवडत नाही. म्हणून खोकंभर पकडी आल्या आणि पलंगाखाली गेल्या. खोक्यावर दोन टॉवेल. नमुन्याचा एक नग अण्णांच्या उशाशी; खोकं त्यांनी पुन्हा उघडलं नाही.

आता अर्ज करायचा. पण कुणाकडून? अर्ज करून देणाऱ्याला वस्तू दाखवावी लागते, आणि दाखवली तर तोच लुटणार. या काळजीत अण्णांनी दिवाळी घालवली. संक्रांत आली. अण्णांच्या बायकोचं, म्हणजे काकूंचं, हळदीकुंकू होतं, त्यामुळे घरातला एकमेव पुरुष माझ्याकडे हाकलण्यात आला. ती सगळी संध्याकाळ अण्णा माझ्या सोफ्यावर बसून मला बजावत होते, "मास्तर, ह्या गावात भिंतीलाबी डोळे हायत. वस्तू उघडी पडली की गेली!"

शेवटी माझ्या ओळखीतून एक पेटंटवाले साहेब मिळाले. तरुण, पुण्याचे, महिन्यातून एकदा सोलापुरात येणारे. आम्ही माझ्या गाडीतून गेलो. शुभ काम म्हणून काकूही बरोबर. काकू अक्कलकोटच्या पुढच्या खेड्यातल्या. घरात कन्नड, बाहेर गरजेपुरतं मराठी, आणि दोन्हींत हसतमुख.

अण्णांनी साहेबांच्या केबिनची खिडकी लावून घेतली, पडदा ओढला आणि टॉवेल उचलला.

"छान आहे," साहेब खटका ढकलून बघत म्हणाले. "हे सुचलं कसं?"

"सुचतंय कसलं! हिच्या अंगठ्याचा सांधा गेलाय. डाळीचं पातेलं दोनदा पायावर घेतलं हिनं. बाजारात पंधरा तऱ्हेच्या पकडी, सगळ्या अंगठ्यावर उभ्या! बनवणाऱ्याला वाटतंय, जगात कुणाचा अंगठा दुकतच न्हाय. डोकं हाय का खोकं?"

साहेब हसले. मग विचारलं, "काका, एक महत्त्वाचं. ही वस्तू आजपर्यंत बाहेर कुणाला दाखवली, विकली, दिली?"

अण्णा छाती काढून उठले. "साहेब, माझ्या सावलीला दाखवली न्हाय!"

"लुटलं की!" मागच्या खुर्चीवरून काकू आनंदाने म्हणाल्या.

साहेब दचकले. "लुटलं? पोलिसांत कळवलंत?"

"पोलीस कशाला वो? वाण! संक्रांतीला. बायका ते पिलास्टिकचे डबे लुटत्यात, चार दिवसांत फुटत्यात. मी म्हटलं, घरात यांनी एवढं चांगलं करून ठेवलंय, तेच लुटू. अक्खी कॉलनी खूश!"

वाण लुटणं म्हणजे वाटणं, हे मला ठाऊक होतं. आमच्या स्वयंपाकघरातही एक पक्कड आली होती, हे मात्र मला त्याच क्षणी समजलं. मी स्वयंपाकघरात फारसा जात नाही.

साहेबांनी पक्कड हळूच खाली ठेवली आणि अण्णांना इंग्रजी-मराठीत समजावू लागले. अर्जाआधी वस्तू अशी सगळ्यांच्या हाती गेली की कायद्याच्या लेखी ती नवी राहत नाही. पेटंट नव्या वस्तूला मिळतं. आता अर्ज करून उपयोग नाही. सॉरी.

मला कायद्याचाच संताप आला. जो माणूस पाहुण्यांना डोळे मिटून चहा पाजतो, त्याचा हक्क एका हळदीकुंकवात जावा? तिळगुळाबरोबर?

गाडीत बसल्यावर अण्णा सुटले. माझ्या ब्रेकवर भडकले. सिग्नलवर भडकले. "हा स्पीडब्रेकर कुणी घातला? मोजून घातला का झोपंत?" पुण्याच्या सगळ्या साहेबांचा उद्धार झाला. मी वाट बघत होतो. खरं सांगायचं तर थोडा उत्सुकही होतो. आता ज्वालामुखी मागच्या सीटकडे वळणार.

मागून काकूंनीच विचारलं, "एन अंद्रु?" काय म्हणाले, एवढं कन्नड मला येतं.

अण्णांनी मांडीवरची पक्कड उचलली, खटका दोनदा ढकलला. मग मान न वळवता ते कन्नडमध्ये काहीतरी बोलले. मला अडखळत समजलं ते असं: साहेब म्हणाले, वस्तू इतकी चांगली आहे की हिला कागदाची गरजच नाही.

"नोड्री!" म्हणजे बघा. काकू माझ्याकडे झुकून मराठीत म्हणाल्या, "मी म्हटलंच होतं. पुढच्या संक्रांतीला अजून करा हं. मागच्या गल्लीतल्या बायकांना मिळाली न्हाय."

"करू की," अण्णा म्हणाले.

घर आलं. काकू उतरून पुढे गेल्या. अण्णा तसेच बसून राहिले. हातातली पक्कड त्यांनी स्वतःच्याच बोटाला लावली होती. ती बोट घट्ट धरून होती आणि ते सोडवत नव्हते. मी गाडीचं इंजिन बंद केलं.

तेवढ्यात समोर फाटकाची कडी वाजली. काकू दोन्ही हातांनी ती ओढत होत्या. ती निघत नव्हती.

अण्णांनी दार ढकललं आणि धोतर सावरत धावले.

"थांब, थांब! हात लावू नको!" ते ओरडत होते. "कुणी शोधली गं ही कडी? त्या गाढवाला नक्की पेटंट मिळालं असंल बघ!"