सेटच्या पाठीवरचा नंबर

खामगावच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करणारे हमीदचाचा माणसांना नावानं ओळखत नसत, त्यांच्या रेडिओच्या नंबरानं ओळखत. आमच्या हेडमास्तरांना त्यांनी एकदा भर रस्त्यात "ओ, आठशे बारा!" अशी हाक मारली होती. हेडमास्तर थांबलेसुद्धा.

शाळा सुटली की मी शिकवत असे त्या वर्गातली पोरं चाचांच्या पायरीवर जमत. चाचा एखादा ट्रान्झिस्टर उलटा करून दाखवत.

"कंपनी एका साच्यातून हजार सेट काढते. दिसाले सारे जुळे भाऊ. मंग वळखाचं कसं? म्हून पाठीवर नंबर मारते. एक नंबर एकालेच, दुसऱ्याले देत नाई. बटन बदला, रंग बदला, नंबर तोच! तुमच्या वर्गात गणेश किती बे?"

"चार!"

"अन् हा नंबर?"

"एकच!"

माझ्या तासाला पोरं इतक्या जोरात कधी ओरडली नाहीत. मला ते झोंबायचं, हे आता कबूल करतो.

एकदा मी माझा सेट दुरुस्तीला टाकला. परत घ्यायला गेलो तर कोपऱ्यातला तडा गायब आणि आवाज बारीक झालेला. माझं डोकंच फिरलं.

"हा माझा सेट नाही. बदलला तुम्ही!"

चाचांनी सेट उलटा केला. "नंबर पाहा ना, मास्तर."

"नंबर काय, तुम्हीच ठोकला असेल!"

चाचांचा चेहरा उतरला. पायरीवरच्या पोरांदेखत बाकावरच्या दोन गिऱ्हाइकांनी आपापले सेट मुकाट्यानं उचलले आणि निघून गेली.

घरी येऊन खरेदीची पावती काढली. नंबर तंतोतंत तोच. चाचांनी स्पीकर नवा बसवला होता आणि तडा न सांगताच लाख वितळवून बुजवला होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी चाचांकडे जायला पाय उचलेनात. चार दिवस मी आडगल्लीनं शाळेत गेलो आणि तिथं मुलांना 'नेहमी खरे बोलावे' हे फळ्यावर लिहून दिलं.

पाचव्या दिवशी गेलो. दुकानात गिऱ्हाईक एकही नव्हतं, पायरीवर पोरं मात्र होती. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून वाकून पुटपुटलो, "चाचा, चुकलं माझं. सेट माझाच आहे."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोरांकडे. आणि मोठ्यानं म्हणाले, "आयका बे पोट्टेहो! त्या दिवशी मास्तरचं बराबर होतं. तडा बुजवला, हे मीच सांगाले पायजे होतं. गलती माही हाय."

"अहो चाचा, पण..." मी तोंड उघडलं. त्यांनी टेबलाखालून माझा हात दाबला.

"राहू द्या," ते हळूच म्हणाले. "मी शाळेत गेलो नाई, मले आकडेच तेवढे वाचता येतात. तुमची इज्जत गेली तं हे पोट्टे शिकतीन कोनापाशी?"

मी तोंड मिटलं. पोरं माझ्याकडे आदरानं बघत होती, आणि मी तो आदर घेतला.