काठाले काठ

देवीदास काकाजींसमोर विस्कटलेली घडी टिकत नसे. आमच्या दोरीवरचे कपडे, वाचून टाकलेलं वर्तमानपत्र, काहीही. एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी शेजारच्या गृहस्थाच्या खांद्यावरचा दुपट्टा न विचारता काढला, नीट घडी घालून परत ठेवला आणि मग वरण मागितलं.

अकोल्यात आम्ही शेजारी होतो. काकाजींचा उभा जन्म साड्यांच्या दुकानात गेला. "काठाले काठ, पदर भाईर!" हा त्यांचा मंत्र. मी शाळेचा युनिफॉर्म कपाटात कोंबला की त्यांना भिंतीपलीकडून कसं कळायचं, देव जाणे. "एक घडी चुकली ना पोरी, तं वरची बी तशीच बसते. मंग अख्खी थप्पी वाकडी!"

त्यांचं लग्नही घडीनंच जमवलं. शकुंतला काकू लग्नाआधी आईबरोबर दुकानात आल्या होत्या. काकाजी म्हणाले, "घेऊ नका, पन पाहा तं खरं." मायलेकींनी ढीगभर साड्या पाहिल्या, घेतली एकही नाही. पण उठण्याआधी काकूंनी सगळ्यांच्या घड्या घालून दिल्या. "काठाले काठ! म्या म्हनलं, आपलं ठरलं." हे सांगताना काकाजी म्हातारपणीही लाजत.

मागच्या वर्षी काकू भाजीत दोनदा मीठ घालू लागल्या, मग घरचा रस्ता चुकल्या. दोघं अमरावतीला माझ्याकडे आले, मीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सावकाश समजावलं. मेंदूतल्या एखाद्या प्रोटीनची घडी चुकते. ते शेजारच्यालाही तसंच दुमडायला लावतं. मग त्यांच्या गुठळ्या होतात आणि एका पेशीतून दुसरीत पसरत जातात. आधी आठवणींची जागा, मग पुढे.

काकाजी खुर्चीत पुढे सरकले. हा तर त्यांच्या धंद्यातला विषय निघाला!

"म्हंजे थप्पी वाकडी झाली."

"तसंच समजा."

"मंग उलगडून नीट घाला ना!"

"ते अजून जमत नाही, काका."

"काहून नाई जमत? मले द्या, मी घालून देतो!"

मला हसू आलं, आणि लगेच स्वतःचाच राग आला. काकाजी थट्टा करत नव्हते.

परवा अकोल्याला गेले. काकू पलंगावर बसल्या होत्या, समोर काकाजी साडी पसरून. काकू त्यांना म्हणत होत्या, "आमाले घ्याची नाई भाऊ. पन घडी घालून देतो." नवऱ्याला भाऊ! काकाजी मात्र मान डोलावत राहिले.

काकूंनी घातलेली घडी म्हणजे नुसता बोळा होता. लहानपणची सवय, मी ती सरळ करायला हात पुढे केला. काकाजींनी माझं मनगट धरलं.

"हात नको लावू. काठाले काठ हाय ते."

तो बोळा त्यांनी दोन्ही हातांनी उचलून कपाटातल्या सरळ थप्पीवर ठेवला. मग दुसरी साडी काढून काकूंसमोर उलगडली.

"घेऊ नका बाई, पन पाहा तं खरं."