खिडकीतली सहावी बाटली

देश राज्यघटनेवर चालतो आणि घर स्वयंपाकघरावर चालतं, याबद्दल जाणत्या माणसांत आता वाद उरलेला नाही. स्वयंपाकघर कशावर चालतं, एवढाच प्रश्न शिल्लक होता. त्रिनिदादच्या दक्षिणेकडच्या धनिराम ट्रेस गावाने तोही निकालात काढला. स्वयंपाकघर तिखट सॉसच्या बाटल्यांवर चालतं, असा ठराव गावाच्या मिरची समितीने सर्वानुमते संमत केला (उपस्थिती अकरा, त्यांपैकी जागे नऊ).

समितीचे चिटणीस हॅरीलाल बूधराम. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. त्या काळात गावाला पाणी वेळेवर आलं नाही, पण ते का आलं नाही याचं उत्तर मात्र वेळेवर येत असे. असा माणूस निवृत्त होऊन घरी नुसता बसला तर समाजाचं नुकसान होतं. म्हणून गावाने त्यांना चिटणीस केलं, आणि त्यांनी पहिल्याच महिन्यात आपल्या वळणदार अक्षरात परिपत्रक काढलं: 'रोजच्या स्वयंपाकासाठी हाताशी ठेवावयाच्या बाटल्या'. ते घरोघरी चुलीशेजारी लावण्यात आलं. मजकूर असा:

१. पिवळी, मोहरीची. डाळभात आणि तळलेले मासे यांसाठी. पाहुणे न सांगता आल्यास कशावरही.

२. हिरवी, बंधनियाच्या, म्हणजे रानकोथिंबिरीच्या, पानांची. फुलौरी या डाळीच्या भज्यांसाठी. (पानं मिळाली नाहीत ही सबब ऐकली जाणार नाही. कुंपणाला उगवतात.)

३. लाल, व्हिनेगरची. सूप व पेलाव (म्हणजे तिकडचा पुलाव) यांसाठी. स्वयंपाक नवऱ्याने केला असल्यास दुप्पट.

४. कुचेला. हे कैरीचं लोणचं आहे, सॉस नव्हे. सबब 'विशेष निमंत्रित'.

५. सासू. (गाजर-कारल्याच्या या जहाल चटणीचं नाव पूर्वापार हेच आहे. समितीने फक्त क्रमांक दिला.)

६. विंचू मिरचीची. स्वयंपाकात वापरू नये. खिडकीत ठेवावी.

सहावीचं महत्त्व सहावीलाच. सॉस रमच्या जुन्या बाटलीत भरायचा आणि उन्हात मुरवायचा, ही तिकडची रीत. बाटलीवर चिठ्ठी कोणी लावत नाही, कारण आपली बाटली कोणती हे ज्याला कळत नाही त्याच्या घरी कोण जेवायला जाणार? सकाळी बाटल्या पूर्वेच्या खिडकीत, दुपारी पश्चिमेच्या. येणारा-जाणारा रस्त्यावरून मोजतो. समितीच्या पाहणीनुसार गावातल्या चौऱ्याऐंशी घरांपैकी चौऱ्याऐंशी घरांत सहावी बाटली होती. ती उघडल्याची नोंद दोन घरांत सापडली. पैकी एकात मुंग्या मारण्यासाठी.

नियमही हॅरीलालांनीच लिहिले. नियम चार: ज्या पदाधिकाऱ्यास तिखट सोसत नाही त्याने पद सोडावे. नियम अकरा: वार्षिक स्पर्धेतल्या विजेत्याने स्वतःच्या सॉसचा एक भरलेला चमचा सभेसमोर खाऊन दाखवावा. नियम लिहिताना हॅरीलालांचं पोट ठणठणीत होतं. माणूस नियम लिहितो ते बहुधा अशाच काळात.

पुढे सान फर्नांदोच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पोटात नळी घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "मिस्टर बूधराम, मिरची बंद."

"कमी करू म्हणता?"

"बंद म्हणाले मी. आत जखम आहे."

हॅरीलाल बसने घरी आले. सगळ्या आयुष्यात त्यांच्या वाट्याला एकच मान आला होता, तो या चिटणीसपदाचा. रस्त्याने जाताना लोक "चिटणीस" म्हणून हाक मारत, आणि ती हाक ऐकली की त्यांना बरं वाटे. तिखट न सोसणारा चिटणीस म्हणजे पोहता न येणारा नावाडी. त्यांना खरोखर रडू आलं.

त्यांची बायको दुलारी हिने सगळं ऐकून घेतलं आणि कोपऱ्यातला लाल भोपळा उचलला.

"हे काय करतेस?"

"तुझं पद वाचवते. गप बस."

तिने भोपळा शिजवला, गाजर वाटलं, थोडं व्हिनेगर घातलं आणि तिखटाचा लवलेश नसलेल्या पिमेंटो मिरचीच्या बिया शोभेला वर सोडल्या. रंग हुबेहूब सहावीचा. ही बाटली हॅरीलाल चारचौघांत भातावर भळाभळा ओतत आणि लोक चळचळा कापत. चार महिन्यांत त्यांचा दबदबा दुप्पट झाला आणि पोटही सुधारलं.

मग स्पर्धा आली. चिटणीसाच्या घरची बाटली स्पर्धेत नसली तर चार तोंडांनी चर्चा होणार. म्हणून दुलारीने एक अस्सल विंचवाची बाटलीही भरली, तीही बेताची, म्हणजे चौथा-पाचवा नंबर यावा आणि चमचा खायची पाळी येऊ नये. दोन्ही बाटल्या खिडकीत शेजारी शेजारी. डावीकडची विंचवाची, उजवीकडची भोपळ्याची. हॅरीलालांनी हे वहीत लिहून ठेवलं.

स्पर्धा दुपारी तीनला होती. आणि दुपारी बाटल्या पश्चिमेच्या खिडकीत जातात. दुलारीने दोन्ही हातांत एकेक बाटली धरून त्या घराच्या या टोकाकडून त्या टोकाला नेल्या, आणि वळून ठेवताना ज्या हाताला जी सोयीची पडली ती त्या बाजूला ठेवली. हॅरीलालांनी वही पाहिली, डावीकडची उचलली आणि शाळेच्या सभागृहात गेले.

परीक्षक दोन. निवृत्त मुख्याध्यापक मंगल सर, आणि चौकात बावीस वर्षं डबल्सची, म्हणजे दोन मऊ पुऱ्यांत छोले घालून देण्याची, गाडी लावणारी टँटी (म्हणजे मावशी) युलाली. हॅरीलाल मंचावरून क्रमांक पुकारत होते. सातव्या क्रमांकाची बाटली त्यांचीच. सरांनी ती चमच्यात ओतली तेव्हा बिया वर तरंगल्या आणि हॅरीलालांना आपल्या बायकोच्या हातच्या भोपळ्याचा वास आला. आता सर थुंकणार आणि विचारणार, हे गोडमिट्ट काय आहे, चिटणीस?

मंगल सरांनी चमचा तोंडात घातला. डोळे मिटले. कपाळावर घाम आला. एका हाताने टेबल धरून दुसऱ्या हाताने त्यांनी पाणी मागितलं.

"हॅरी," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माणसं मारायचा विचार आहे का तुझा?"

टँटी युलालीने चाखलं आणि ओढणीत तोंड लपवलं. तिचे खांदे गदगदत होते. बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले आणि हातानेच खूण केली की हीच. पहिला नंबर. त्यानंतर सभेतल्या प्रतिष्ठित नागरिकांनी एकेक थेंब चाखला आणि एकेक करून निकाल मान्य केला. शाळेच्या शिपायाला उचकी लागली. तलाठ्याच्या तोडीचे एक गृहस्थ बाहेर जाऊन झाडाखाली बसले.

मग नियम अकरा. हॅरीलालांनी भरलेला चमचा खाल्ला. चेहरा कसा करावा हे त्या गडबडीत त्यांना सुचलंच नाही, म्हणून तो जसा होता तसाच राहिला. "हू की चू केलं नाही," मागून कोणीतरी म्हणालं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

प्रथेप्रमाणे विजेता सॉस वर्षभर सर्व घरांत सहावी बाटली म्हणून गेला, आणि या वेळी लोकांनी कौतुकाने ती उघडली. समितीकडे आलेला अहवाल असा: जळजळीच्या गोळ्यांचा खप निम्म्याहून कमी, भोपळ्याचा भाव अकारण वर, सॉस फार जहाल असून सौम्य करावा अशी विनंती करणारे अर्ज नऊ. (अर्ज सहानुभूतीपूर्वक विचारार्थ ठेवून घेण्यात आले.)

हॅरीलालांना मात्र घास गोड लागेना. लोक रस्त्यात थांबून त्यांच्या पोटाकडे आदराने बघत. आपण साऱ्या गावाला फसवलं, हे त्यांना सारखं टोचत होतं. एका सकाळी त्यांनी राजीनामा लिहिला, खिशात घातला आणि आधी टँटीला सांगावं म्हणून चौकात गेले. गाडीसमोर रांग होती. तिथे ओरडून सांगायची पद्धत आहे: भरपूर, जरासं, किंवा बिनतिखट. बिनतिखट हा शब्द गावात गेल्या कित्येक वर्षांत उच्चारला गेलेला नाही.

"दोन, भरपूर!" मंगल सर ओरडले. त्यांच्या मागून पाच जण तसंच ओरडले. सगळ्यांत शेवटी एक्क्याण्णव वर्षांच्या सुमिंत्रा आजी होत्या. "एक दे गं, जरासं," त्या पुटपुटल्या.

रांग संपल्यावर हॅरीलाल गाडीच्या मागच्या बाजूला गेले. "टँटी, तो सॉस. त्यात भोपळा होता."

"चांगला शिजला होता," टँटी म्हणाली. "मीठ जरा कमी."

"तुला कळलं होतं? मग ते डोळ्यांत पाणी?"

"हसू आवरेना रे. सरांचा तो घाम बघून."

"पण त्यांना तर खरंच..."

"सरांना नऊ वर्षं झाली, मी मिरचीचा थेंब घातलेला नाही." टँटीने फडक्याने भांड्याचा काठ पुसला. भांड्यात पिवळसर काहीतरी होतं, आणि हॅरीलालांना त्याचा वास ओळखीचा वाटला. "त्यांचं पोट गेलं, मग पोस्टातल्याचं गेलं, मग एकेकाचं. कोणी सांगत नाही. नुसते ओरडतात. मी तोंड बघते आणि वाढते."

"आणि मला?"

"तुला डॉक्टरकडून आलास त्या दिवसापासून."

"म्हणजे गावात खरी मिरची कोणीच खात नाही?"

टँटीने गाडीखालून अंगठ्याएवढी बाटली काढून दाखवली. अर्धी संपली होती. "सुमिंत्रा आजी," ती म्हणाली. "आता तो कागद फाड आणि पुढे ये. गिऱ्हाईक बघतंय."

हॅरीलालांनी राजीनामा फाडला, गाडीला वळसा घालून पुढे आले आणि सबंध चौकाला ऐकू जाईल असं ओरडले, "दोन, भरपूर!"

आज ते समितीचे अध्यक्ष आहेत. सहाव्या बाटलीच्या पाककृतीत कोणताही बदल करण्यात आलेला नाही.

आता हे वाचून तुम्हाला हसू आलं असेल, तर हरकत नाही. आपल्याकडे असं चालत नाही, आपण तिखट खाणारी माणसं, असंही तुम्ही म्हणाल. जरूर म्हणा. फक्त पुढच्या खेपेला गाडीवर उभे राहून "तर्री जास्त" असं ओरडाल, तेव्हा वाढणारी बाई आधी कुठे बघते तेवढं बघा: पातेल्यात, की तुमच्या तोंडाकडे.