फलजची सतरा भोकं

कोकणी माणसाला पाटाचं पाणी कुणी शिकवू नये! निदान गुहागरच्या खैरुद्दीनला, म्हणजे मला, तरी नाही. हे मी १९६४ साली हत्त्यात छाती ठोकून सांगितलं होतं.

हत्ता म्हणजे दुबईपासून लांब, डोंगरातलं खजुरीचं गाव. डोंगरातून पाणी आणणारा तिथला दगडी पाट, त्याला फलज म्हणतात, चार वर्षं गाळानं बंद पडला होता. पाटाच्या शेवटी म्हाताऱ्या खल्फानचाचांची बाग. त्यांची तीस झाडं माना टाकत होती. गावानं श्रमदान काढलं, तेव्हा जवळच्या बांधकामावरचे आम्ही सहा कोकणीही शुक्रवारी फावडी घेऊन धावलो.

"चाचा, आज पानी आपके दरवाजे पे!"

"इन्शाल्ला," चाचा कळवळून म्हणाले. "नहीं आया तो झाड खलास."

गाळ निघाला आणि मला पाटाच्या भिंतीत भोकं दिसली. एक नाही, सतरा!

"लियाकत, खेकड्यांनी पार चाळण केलीय बघ!"

शेताच्या बांधात खेकड्याचं भोक दिसलं, की आमचा हात आपोआप चिखलाकडे जातो. इथे तर साइटवरचं सिमेंट होतं!

"खैरुभाई, या डोंगरात खेकडे?" आमच्या सहांतल्या लियाकतनं विचारलं.

"अरबी खेकडे! यल्ला, लाव सिमेंट!"

जुम्म्याची नमाज पढून, जेवून येईपर्यंत उन्हानं सिमेंटचा दगड झाला. पाणी सोडलं. सतरा बागवाले आपापल्या बागेत उभे, आणि पाणी रुसलेल्या जावयासारखं कुणाकडे न बघता पुढे गेलं!

"मेरा पानी किधर?" सतराही जण ओरडले. ती भोकं एकेका बागेची होती, पाळीपाळीनं पाणी घ्यायची. आता सगळे माझ्याकडे धावले, मी पाण्यामागे धावलो. निदान चाचांची झाडं तरी जगतील! पण त्यांच्या बागेच्या दहा पावलं अलीकडे पाणीच गायब!

चाचा गुडघ्यांवर बसून पाट चाचपडू लागले. भिंतीत उंदराचं बीळ होतं, सगळं पाणी त्यातून कोरड्या ओढ्यात चाललं होतं. चाचांनी डोक्याचं फडकं काढून बिळात कोंबलं. पाणी वळलं, झाडांच्या मुळाशी पोचलं, आणि म्हातारा चक्क नाचला! मलाही रडू आलं.

पुढचे तीन शुक्रवार आम्ही छिन्नीनं सतरा भोकं मोकळी करत होतो. लियाकत विचारायचा, "खैरुभाई, ते बीळ तुम्हाला दिसलंच नाही?"

दिसलं होतं हो! पण इतकं गोल, इतकं सुबक होतं, की म्हटलं, हे एवढं एक माणसानं मुद्दाम ठेवलेलं असणार!